मालकी कशाला म्हणावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने हा विषय मला दिला तेव्हा मी नकोच म्हटले. मी काही वकील नव्हे. पण आमच्या आत्याबाई आठवल्या आणि उभी राहिले. त्यांचे वडील वारले तेव्हा "फेरफाराला सही लागते" असे सांगून घरच्यांनीच त्यांना कचेरीत नेले. त्यांनी न वाचता सही केली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे त्यांना कितीतरी वर्षांनी कळले. तेव्हा त्यांना घराची खरी गरज होती, आणि घर मात्र त्यांचे राहिले नव्हते.

भगिनींनो, ताबा, नोंद आणि हक्क या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. शेजारणीचे पातेले महिनाभर आपल्या चुलीवर असले म्हणून ते आपले होत नाही. तसेच बांधीत रोवणी आपण करतो, घर आपण सारवतो, पण त्यावरून मालकी ठरत नाही.

नोंदीचेही तसेच. सातबारा आणि फेरफार हे मुख्यतः महसुलासाठी ठेवलेले कागद. उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरतात, पण नोंदीने मालकी जन्मत नाही. ग्रामपंचायतीची घरकराची पावती तर कर भरल्याचीच पावती.

मग हक्क येतो कुठून? खरेदी, बक्षीस, वाटणी, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. शंभर रुपयांची वा त्यावरची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर खरेदीखताची रजिस्ट्री हवीच. नुसत्या इसारपत्राने कोणी मालक होत नाही. आणि विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. म्हणून त्याच्याकडे मिळकत कशी आली, हे मागच्या कागदांवरून आधी पाहावे.

मालकी कायद्याने येते आणि कायद्याने जाते. आपल्या भागात एके काळी गावचा मालक म्हणजे मालगुजार. १९५० चा कायदा १९५१ साली अमलात आला आणि ती मालकी सरकारकडे गेली. मागे राहिले ते माजी मालगुजारी तलाव, आपले 'मामा तलाव'.

बायकांची मालकीही अशीच कायद्याने आली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो हक्क पूर्ण मालकीचा केला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम व ख्रिस्ती भगिनींचे वारशाचे नियम वेगळे आहेत. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. हा हक्क जन्मानेच असल्याने २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मात्र वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

कोणी म्हणेल, "भावाशी वाटा मागून माहेर तोडायचे का?" मी तसे म्हणत नाही. भावाला द्यायचे तर खुशाल द्यावे, पण जाणून द्यावे. जाणून दिले ते दान. न कळता गेले ती फसवणूक. आत्याबाईंना कोणी नीट विचारले असते, तर कदाचित त्यांनी आनंदाने दिलेही असते. त्यांना विचारलेच नाही, हे त्यांचे दुःख होते.

शेवटी तीन विनंत्या. वाचून घेतल्याशिवाय, किंवा वाचता येत नसल्यास विश्वासाच्या माणसाकडून वाचवून घेतल्याशिवाय, सही वा अंगठा देऊ नका. घरच्या शेताचा सातबारा आणि घराची आखीव पत्रिका असेल तर तिची नक्कल काढून आपले नाव आहे की नाही ते पाहा. आणि नवे घर घेताना खरेदीखतात आपले नाव घालायला सांगा. केवळ स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही ठेवली आहे.

आज घरी गेल्यावर पेटीतले कागद एकदा बाहेर काढा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.