पडद्यावरचे छायाचित्र पाहावे कसे?



छायाचित्र काढावे कसे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस आज ते पाहावे कसे, ह्याविषयी बोलावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. सकाळच्या चहाबरोबर मोबाईलवर पन्नासएक छायाचित्रे आपल्या डोळ्यांखालून जातात. मग शिकावयाचे ते काय राहिले? परंतु त्या पन्नासांपैकी एक तरी कोणी काढले, हे संध्याकाळी आपणांस सांगता येईल काय? गाणे ऐकले तर आपण गवयाचे नाव विचारतो. छायाचित्राला मात्र जणू आईबापच नसतात!

पूर्वी लहान गावच्या रसिकाला नामवंत छायाचित्रकाराचे काम पाहावयाचे तर मुंबईची गॅलरी गाठावी लागे, नाही तर पदरमोड करून महागडे पुस्तक घ्यावे लागे. आंतरजालाने ही अडचण बरीचशी दूर केली, ह्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण जे त्याने दिले ते सुटे करून दिले. मालिकेतले एकच चित्र उचलले जाते, त्याच्या कडा कापल्या जातात, नाव गळते, आणि असे ते घरोघर फिरते.

एक उदाहरण घेऊ. गौरी गिल ह्या आजच्या एक मोठ्या छायाचित्रकार. राजस्थानच्या वाळवंटी भागात त्यांनी 1999 पासून जे काम केले, त्याला 2023 साली 'प्री पिक्ते' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांची दुसरी एक रंगीत मालिका तर आपल्याच पालघर जिल्ह्यातली, जव्हारकडची आहे. त्या भागातला बोहाडा आपण ऐकून असाल. देवदैत्यांचे मुखवटे घालून तो नाचतात. हे मुखवटे कागदाच्या लगद्याचे करणारे जुने कारागीर धर्मा कडू. त्यांचे पुत्र सुभास व भगवान आणि इतर कोकणा व वारली कलावंत ह्यांच्या साथीने गिल ह्यांनी 2015 पासून हे काम केले. ह्या वेळी मुखवटे देवांचे नव्हेत, तर रोजच्या माणसांचे, पशुपक्ष्यांचे, घरातल्या वस्तूंचे करावयाचे ठरले. ते घालून माणसे आपापल्या नित्याच्या जागी, नित्याच्या कामात उभी राहिली.

ह्यातले एखादे चित्र नाव-गाव वगळून आपल्याकडे आले, तर आपण काय म्हणू? "काय गंमत आहे!" म्हणू आणि पुढे सरकू. तेच चित्र मालिकेत पाहा, सोबतचा मजकूर वाचा, म्हणजे ध्यानात येते की ज्याला आपण 'फोटोतला आदिवासी' समजत होतो, तो स्वतःच कलावंत आहे. आपला चेहरा झाकून कोणता चेहरा दाखवावयाचा, ह्यात त्याचाही हात आहे. एवढा फरक केवळ नाव वाचल्याने पडतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की एक नाव धरावे आणि त्याचा माग काढीत जावे. छायाचित्रकाराचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर तेथे जावे. मोबाईलपेक्षा संगणकाचा मोठा पडदा बरा. एका बैठकीत एकच मालिका पाहावी. दहा चित्रे पाहून झाली की पुन्हा पहिल्यापासून पाहावीत. दुसऱ्या फेरीत जे दिसते ते पहिल्या फेरीत दिसलेले नसते. आवडले ह्याची पसंतीखूण उमटवण्याची घाई तर मुळीच करू नये. ती खूण म्हणजे पुष्कळदा न पाहण्याची पावती असते.

ज्यांना इंग्रजीची अडचण वाटते, त्यांनी पी. साईनाथ ह्यांनी 2014 साली सुरू केलेले 'पारी' पाहावे. ग्रामीण भारताचा हा संग्रह विनामूल्य असून मराठीतही आहे. तेथे एम. पलनी कुमार ह्या तमिळ छायाचित्रकाराचे काम मिळेल. समुद्रात बुडी मारून शेवाळ काढणाऱ्या बायका त्यांनी दाखविल्या आहेत. आपल्याकडचे सुधारक ओलवे ह्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रे काढली. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रे पाहून मान फिरवावीशी वाटते. फिरवू नये. त्या कामगाराला तशी सोय नाही.

पडद्याला मर्यादाही आहे. दयानिता सिंग ह्यांना 2022 साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, त्या छायाचित्रांइतकेच ती ठेवतात कशी ह्याला महत्त्व देतात. त्यांचे 2017 चे 'म्युझियम भवन' म्हणजे एका पेटीतली नऊ घडीची पुस्तके. ती उलगडून मेजावर उभी करावयाची, जणू घरातलेच प्रदर्शन. 'फाइल रूम' ह्या पुस्तकात दप्तरखान्यांतले कागदांचे गठ्ठे आहेत. हे पडद्यावर अर्धेच कळते. पुस्तक हाती घ्यावे लागते. आपल्या नगरवाचनालयाचे चिटणीस समोर बसले आहेत म्हणून सांगतो: कादंबऱ्यांच्या खरेदीतून थोडी रक्कम काढून वर्षाला असे निदान एक पुस्तक घ्यावे, आणि ते कुलपातल्या कपाटात न ठेवता मेजावर ठेवावे.