फोटो ठेवा, नावानिशी



तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांची चित्रं जपून ठेवलेली आहेत. तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांच्या धन्वंतरी महालात दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांवर उपचार होत. तिथं आलेल्या रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढत आणि त्यासोबत लिहून ठेवत, रोगी कोण, त्रास काय, उपाय काय केला. तोवर कॅमेरा भारतात पोचलाही नव्हता. चित्र आणि नोंद एकमेकांपासून सुटली नाहीत म्हणून आजचे नेत्रतज्ज्ञ ती पानं वाचतात आणि त्या काळच्या उपचारांबद्दल काही सांगू शकतात. नोंदी गेल्या असत्या, तर नुसते डोळे उरले असते. कुणाचे, कशासाठी काढलेले, काही कळलं नसतं.

आता आपला फोन उघडा. त्यात हजारो फोटो आहेत आणि नोंद जवळजवळ एकाचीही नाही.

घरातले डिजिटल फोटो सांभाळायचे कसे आणि नातेवाइकांपर्यंत पोचवायचे कसे, हा आजचा विषय. त्यासाठी मी तंजावरच्या मराठी कुटुंबांकडे बघायचं ठरवलं, त्याला कारण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तिथं राज्य उभं केलं. तिथले शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, १८५५ साली निपुत्रिक वारले आणि ते राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पण तिथं गेलेले कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिपाई परत आले नाहीत. त्यांचे वंशज पुढं कुंभकोणम, चेन्नई, बंगळूर करत थेट अमेरिकेपर्यंत पांगले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी. फोटोंच्या बाबतीत ज्या अडचणी पुण्या-नागपूरच्या घरांना उद्या येणार आहेत, त्या या घरांना कालच येऊन गेल्या आहेत.

पहिली अडचण नावांची. तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत फारशी नाही, नावाआधी एखादं अक्षर असतं. सर टी. माधवराव आपल्याला बडोद्याचे दिवाण म्हणून माहीत आहेत. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा आणि त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. आडनावाची जागा गावानं घेतली. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. म्हणजे फोटोखाली कुणी हौसेनं ‘माधवराव’ लिहिलं, तरी हे पणजोबा की चुलत चुलते, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? हल्ली फोटोंचं अ‍ॅप चेहरे ओळखून गठ्ठे करून देतं. सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण आजोबांसारखंच नाक असलेला नातू त्याच गठ्ठ्यात जाऊन बसला, तर अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही. नातं चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून नोंद लिहायची ती अशी: नाव, कुणाची मुलगी किंवा मुलगा, गाव आणि अंदाजे साल. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ हा शब्दही लिहायचा. ही रीत तंजावरला नवी नाही. बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. कोण कुणाचा मुलगा, कुणानंतर कोण, हे सगळं देवनागरीत दगडावर आहे. मंदिर बघायला येणारे बहुतेक लोक शिखराकडं बघत त्या भिंतीजवळून निघून जातात. अक्षरं शाबूत आहेत, वाचणारे कमी आहेत.

दुसरी अडचण हीच, वाचणाऱ्यांची. सरस्वती महालात तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे सुमारे ८५० गठ्ठे आहेत. कागद टिकले, पण मोडी वाचणारी माणसं गावात मोजकी राहिली. पुढं तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं त्यातल्या काही कागदांचं तमिळ भाषांतर करून घेतलं, तेव्हा कुठं ते तिथल्या अभ्यासकांच्या हाती आले. घरच्या फोटोंचंही असंच होतं. तंजावरकडच्या अनेक मराठी घरांत मुलं मराठी बोलतात, पण देवनागरी शिकलेलीच नसतात. लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहितात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारांना मिळून एकच अक्षर. प आणि ब यांचंही तेच, त्यामुळं ‘बाबा’ आणि ‘पापा’ लिहिले तर सारखेच दिसतात. मग फोटोखालची ओळ कोणत्या लिपीत लिहायची? देवनागरीत लिहिली तर नातवंडांना येत नाही आणि रोमनमध्ये लिहिली तर आजीला वाचता येत नाही.

माझं मत सरळ आहे. लिहिण्याआधी आवाज धरा. घरातल्या थोरल्या माणसाला टीव्हीसमोर बसवा. फोनमधले फोटो टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर दाखवता येतात, म्हातारे डोळे शिणत नाहीत. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. प्रत्येक फोटो लावताना आपण त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणायचा आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला मध्येच ‘हो का? कधी?’ विचारायचा मोह होतो. ते बोलतील तसं बोलू द्या. नाव सांगता सांगता ते कोणाचं कोणाशी पटत नव्हतं तेही सांगतील. ती ध्वनिफीत फोटोंच्याच फोल्डरमध्ये, त्याच क्रमांकानं ठेवा. तंजावरच्या घरांत याचा आणखी एक लाभ आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडून गेलेली आणि तिकडं वेगळी वाढलेली ती मराठी कानांनी ऐकायला मिळते, कारण लिहिली तर तिचे हेल हरवतात.

आता थोडं यंत्राबद्दल. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज एक छुपी नोंद असते. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो कधी घेतला, कोणत्या कॅमेऱ्यानं, आणि सोय चालू असेल तर कुठं, हे तीत असतं. जुना फोटो स्कॅन केला की मात्र तीत स्कॅन केल्याची तारीख पडते. १९५२ सालचं लग्न अ‍ॅपमध्ये २०२४ च्या दिवाळीशेजारी जाऊन बसतं. तारीख तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त करायची, नंतर होत नाही. मथळा आणि नावंही फाइलच्या आतच लिहिता येतात, त्यासाठी आयपीटीसी नावाचं मानक आहे आणि डिजिकॅमसारखी फुकट सॉफ्टवेअर ते काम करतात. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन मात्र चित्राच्या फाइलमध्ये जात नाही. सगळे फोटो तिथून उतरवून घेतलेत तर ते वर्णन वेगळ्या फाइलीत येतं, आणि ती फाइल सहज बाजूला पडते. आतली नोंद फाइलबरोबर प्रवास करते, म्हणून मी तीच पसंत करतो.

स्कॅन करताना छोटा फोटो असेल तर सहाशे डीपीआय ठेवा. फोनवर फोटोचा फोटो काढला तर चकाकी येते, कडा वाकतात. काम भागतं, पण जतन म्हणता येत नाही. आणि मागची बाजू विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेली तारीख, कुणाला पाठवला त्याचं नाव, सगळं पाठीवर असतं. तमिळ मुलखातल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो गोळा करून डिजिटल करण्याचं काम पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं ब्रिटिश लायब्ररीच्या अर्थसाहाय्यानं केलं आहे. तसं मोठं काम घरी होणार नाही, पण पाठीचा शिक्का आपणही स्कॅन करू शकतो. स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका, हे सांगायची गरज पडू नये, पण घर आवरताना तसं झालेलं मी पाहिलं आहे. अल्बमच्या चिकट पानांवर अडकलेले फोटो ओढून काढू नका. सुटत नसतील तर पानासकट स्कॅन करा.

तंजावरचा जतनाचा जुना धडा ताडपत्राचा आहे. कावेरीच्या खोऱ्यातली दमट हवा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस, वाळवी. ताडपत्राला सिट्रोनेला तेल लावतात, कीड लागत नाही. पण पूर्वीच्या लोकांचा भरवसा केवळ तेलावर नव्हता. पोथी जुनी झाली की ती नव्यानं उतरवून काढायची, हाच खरा उपाय. आज आपल्याकडं असलेल्या कितीतरी ग्रंथांची मूळ प्रत केव्हाच नष्ट झाली, आपण वाचतो ती नक्कल.

हार्ड डिस्कचं अगदी तसंच आहे. पाच-सात वर्षांत ती दगा देऊ शकते. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उतरतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर त्यातला विद्युतभार हळूहळू कमी होतो. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक घराबाहेर. यातला शेवटचा भाग लोक टाळतात. २०१८ च्या नोव्हेंबरात गाजा वादळ कावेरीच्या मुखाकडून आत शिरलं आणि तंजावर जिल्ह्यातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली, तेव्हा तळमजल्यांवरचे अल्बम आणि त्यांच्या शेजारच्या कपाटातल्या डिस्का एकाच पाण्यात भिजल्या. एक प्रत दुसऱ्या गावच्या भावाकडं किंवा बहिणीकडं ठेवायची. दिवाळीला भेट झाली की नवी डिस्क द्यायची, जुनी परत आणायची. खर्च एका डिस्कचा.

‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ असं म्हणणारे बरेच भेटतात. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. ऑर्कुटवर आपण किती फोटो टाकले होते, आठवतं? ते २०१४ साली बंद झालं. पिकासा २०१६ मध्ये गेलं. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली; आता १५ जीबी मिळते, तीही ईमेलसकट. आणि दोन वर्षं कुणी न उघडलेलं खातं गूगल फोटोंसकट काढून टाकू शकतं. हे मुद्दाम सांगतो, कारण घरातला फोटो काढणारा माणूस वारल्यावर त्याचं खातं दोन वर्षं कुणी उघडत नाही, असं सहज होतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘खातं निष्क्रिय झाल्यास कुणाला कळवायचं’ ही सोय आहे. पासवर्ड कुणालाही न देता ती लावून ठेवता येते. आजच लावा. क्लाउड वापरा, पण ती तीनपैकी एक प्रत आहे हे लक्षात ठेवून.

पाठवण्याबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आतली तारखेची नोंद पुसली जाते. एचडी म्हणून पाठवला तरी तो मूळ राहत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. ग्रुपवर गंमत म्हणून पाठवा, संग्रहासाठी पाठवायचा तर डॉक्युमेंट. घरात चार-पाच जण फोटो काढत असतील तर वायफायच्या राउटरला जोडायची दोन डिस्कांची छोटी पेटी मिळते, तिला एनएएस म्हणतात. सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात उतरतात आणि टीव्हीवर फोटो दिसतात. मात्र दोन डिस्का आहेत म्हणजे दोन प्रती झाल्या, असं समजू नका. एकीवरचा फोटो चुकून पुसलात तर दुसरीवरचाही त्याच क्षणी जातो. लहान मुलांचे फोटो घराबाहेर पाठवण्याआधी त्यांच्या आईबापांना विचारा, एवढं पुरे.

आणि निवड करा. पंगतीतल्या एकाच माणसाचे चाळीस फोटो ठेवण्यात जतन नाही, आळस आहे. वर्षाकाठी पन्नास फोटो निवडून लॅबमधून छापून घ्या, मागं पेन्सिलनं नावं लिहा. लिनियस ट्राइप नावाच्या इंग्रज कॅप्टननं १८५८ च्या सुमारास बृहदीश्वराच्या तळाशी कोरलेले लेख टिपले आणि २१ प्रिंट जोडून जवळजवळ १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. तो कागद आजही बघता येतो. छापलेला फोटो बघायला ना वीज लागते ना पासवर्ड.

हे सगळं एका दमात करू नका, त्यानं कंटाळा येतो आणि काम राहून जातं. स्कॅनिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, डिस्क पगार झाल्यावर घेतली तरी चालेल. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं रेकॉर्डिंग तेवढं येत्या रविवारी करा. ते काम पुढं ढकलता येत नाही.