आकाशातील वाटाड्या
(ज्ञातिसंस्थेच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या आयुष्याची बरीच वर्षे मुलांना अक्षांश-रेखांश शिकविण्यात गेली. पृथ्वीचा गोल हाती घेऊन, सुमारे १७ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांश येथे आपली रत्नागिरी, असे आम्ही दाखवीत असू. या आकड्यांचा उपयोग काय, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले की जहाजांचे उदाहरण देऊन आम्ही वेळ मारून नेत असू. आज त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या खिशात आहे. पण पुष्कळांना त्याची ओळख नाही. म्हणून हा विषय.

निमित्त दुःखद आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या थोरल्या भगिनीचे देवरूखनजीकच्या एका वाडीत निधन झाले. तिचा नातू मुंबईत वाढलेला, नोकरीनिमित्त कोल्हापुरास राहणारा. निरोप मिळताच तो मोटार घेऊन निघाला. आंबा घाटात मोबाईलची रेंज गेली आणि साखरप्याच्या पुढे नकाशाचा पडदा कोरा झाला. ‘नेट नाही म्हणजे वाट नाही’ असे समजून त्याने मोबाईल बाजूला ठेवला आणि अंधारात, पावसात, आडवाटांनी तो भटकत राहिला. मंडळींनी रात्री दहापर्यंत वाट पाहिली. तो अकराला पोहोचला. आजीचे अंत्यदर्शन त्याला घडले नाही.

बंधुभगिनींनो, त्या रात्रभर त्याच्या मोबाईलला आपण कोठे आहोत हे ठाऊक होते! हरवला होता तो केवळ नकाशा. आणि तो घरूनच बरोबर घेता आला असता, तोही एक पैसा अधिक न देता.

हे कसे, ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अत्यंत अचूक घड्याळ असते, आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ असा संदेश तो अखंड पाठवीत असतो. संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून मोबाईल अंतर काढतो, आणि चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपले स्थान ठरवितो. यात मोबाईल केवळ ऐकतो, बोलत नाही. आकाशवाणी ऐकणाऱ्या प्रत्येक श्रोत्यामागे केंद्राचा खर्च वाढत नाही, तसेच हे. म्हणून यास रिचार्ज लागत नाही, सिमकार्डही लागत नाही.

ही व्यवस्था अमेरिकन सरकारने लष्करासाठी उभारली. १९८३ साली वाट चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले व २६९ जीव गेले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरिकांस खुली करण्याचे जाहीर केले. नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. आपल्या इस्रोनेही स्वतःची व्यवस्था हाती घेऊन १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडला. तिचे नाव ‘नाविक’. आमच्या मिरकरवाड्याच्या तांडेलांना तर हे यंत्र नवे नाही. मासळीची जागा पुन्हा सापडावी म्हणून ते त्याचे आकडे जपून ठेवतात.

आता करावयाचे काय? प्रवासापूर्वी, घरी इंटरनेट असताना, गूगल मॅप्स उघडून आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवावे, ‘ऑफलाइन नकाशे’ निवडावे आणि जावयाचा सारा प्रदेश चौकटीत घेऊन उतरवून ठेवावा. मोबाईलमधील ‘लोकेशन’ चालू ठेवावे. मग घाटात रेंज गेली तरी मोटारीची वाट दिसत राहते. वाहतुकीच्या कोंडीची ताजी माहिती मात्र अशा वेळी मिळत नाही. उतरविलेला नकाशा ठराविक मुदतीनंतर जुना होतो, म्हणून तो अधूनमधून ताजा करावा. बॅटरी लवकर उतरते, तेव्हा गाडीत चार्जर असावा. दाट झाडीत किंवा कड्याखाली स्थान चुकीचे दिसल्यास मोकळ्या आकाशाखाली क्षणभर थांबावे.

एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून मोबाईलला आपण कोठे आहोत हे कळते. काल रात्री दरड कोसळली किंवा साकवावरून पाणी गेले, हे कळत नाही. ते गावचा माणूसच सांगेल. त्यास विचारण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी तरुणांस एक विनंती. आपल्या कित्येक वाड्यांची आणि देवस्थानांची नावे नकाशांवर अद्याप नाहीत. २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशावर ती कोणालाही विनामूल्य नोंदविता येतात. सुट्टीत गावी याल तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांस बरोबर घ्या, नावे विचारा, ती शुद्ध लिहा. आम्ही म्हातारी माणसे आहोत तोवर वाट सांगू. पुढे आमच्या नातवंडांनी कोणाला विचारावे? त्या रात्री आमच्या भगिनीच्या नातवावर जो प्रसंग आला, तो आपल्यापैकी कोणाच्याही घरावर न येवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.