नकाशावरची सहा आकड्यांची खूण

व्हिएतनाम युद्धातले अनेक लष्करी तळ आज जमिनीवर ओळखूही येत नाहीत. रान माजलं, शेतं झाली. पण तिथे लढलेला सैनिक म्हातारपणी ती जागा शोधायला निघतो, तेव्हा जुन्या नोंदींतली एक खूण त्याच्या कामी येते : दोन अक्षरं आणि सहा आकडे.

अक्षरं सांगतात शंभर किलोमीटर लांब-रुंद चौकोन. खे सान्ह, जिथे 1968 मध्ये 77 दिवस वेढा पडला होता, तो तळ ‘एक्स डी’ चौकोनात येतो. पहिले तीन आकडे पूर्वेकडे मोजायचे, पुढचे तीन उत्तरेकडे. आधी आडवं, मग उभं. हा क्रम चुकला की माणूस भलत्याच डोंगरावर पोचतो. सहा आकड्यांनी जागा शंभर मीटरपर्यंत पक्की होते, आठ आकड्यांनी दहा मीटरपर्यंत.

मात्र हे आकडे आजच्या उपग्रह-नकाशावर तसेच टाकले, तर खूण काहीशे मीटर सरकते. याचं कारण मला फार विलक्षण वाटतं. युद्धकाळातले ते लष्करी नकाशे ‘इंडियन 1960’ या आधारावर बेतलेले होते. त्यासाठी पृथ्वीचा जो आकार धरला, तो जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 मध्ये भारतातल्या मोजणीवरून काढलेला. म्हणून आधी आकड्यांचं रूपांतर करायचं, आणि मगच तळाच्या धावपट्टीची लाल माती शोधायची.