फुकटचं वायफाय आणि गटाचा पैसा

आज आपण वायफायबद्दल बोलू या.

घरचा रिचार्ज असतो तेव्हा आपण नेट जपून वापरतो. दिवसाचा दीड जीबी संपला की संपला. म्हणून मोठा व्हिडिओ नको, अनोळखी लिंक नको, कामापुरतंच बघायचं. पण स्टेशनवर, ग्रामपंचायतीजवळ किंवा दवाखान्यात फुकटचं वायफाय लागलं की हात सैल सुटतो. मालिका उतरवून घे, आलेली प्रत्येक लिंक उघड, नवीन ॲप टाक. बाजारात फुकट चव मिळाली की आपण भूक नसतानाही खातो, तसंच हे.

दुसरा बदल घाईचा. देशात सहा हजारांहून अधिक रेल्वे स्थानकांवर रेलटेल कंपनीचं ‘रेलवायर’ वायफाय आहे. ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. रोज पहिली ३० मिनिटं फुकट, पुढे पैसे. अर्ध्या तासात सगळं उरकायचं म्हटल्यावर कोण वाचत बसणार? समोर आलेलं ‘ओके’ दाबत जायचं.

आता नीट ऐका. हे वायफाय जोडताना मोबाइल नंबर टाकावा लागतो, मग ओटीपी येतो, तो टाकायचा. ही पद्धत बरोबरच आहे. पण यातून हाताला सवय लागते, की ओटीपी आला म्हणजे टाकायचा. आणि तेवढ्यात बँकेचा ओटीपी आला, तर तोही त्याच घाईत टाकला जातो. म्हणून ओटीपीच्या आकड्याआधी मेसेज वाचा. कोणी पाठवला, कशासाठी पाठवला, रक्कम लिहिली आहे का. वाचता येत नसेल तर घरच्या माणसाकडून किंवा गटातल्या विश्वासाच्या बाईकडून वाचून घ्या. फलाटावरच्या अनोळखी पोराच्या हातात फोन देऊ नका.

वायफायचं नाव कोणीही ठेवू शकतो, हेही लक्षात असू द्या. आपल्याच फोनचं हॉटस्पॉट सुरू करून त्याला ‘फ्री रेल्वे’ असं नाव देता येतं. फुकटच्या वायफायसाठी कोणी एटीएम कार्डाचा नंबर, आधार किंवा पिन मागत असेल, तर ते लगेच बंद करा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मग वायफाय वापरायचंच नाही का? तसं नाही बायांनो. बँकेचं खरं ॲप माहिती कुलूपबंद करूनच पाठवतं, त्यामुळे वायफाय लावलं की पैसे गेले असं होत नाही. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालानं ओझी उचलता उचलता स्टेशनच्याच वायफायवर धडे ऐकले आणि २०१८ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली. तेही वायफाय फुकटचंच होतं. त्यानं आधी ठरवलं होतं, काय ऐकायचं ते.

आपणही ठरवू. धानाचे भाव, हवामान, गटासाठी शिवणकामाचा किंवा पापडाचा व्हिडिओ, लेकरांचा अभ्यास, हे खुशाल वायफायवर. पैशाचा व्यवहार, आधारचं काम, लाडकी बहीणची ई-केवायसी मात्र आपल्याच नेटवर, बसून, शांतपणे. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधूनच. लग्नपत्रिका किंवा योजना म्हणून आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल उघडू नका. आणि काम झालं की वायफाय बंद करा. नाहीतर फोन त्या नावाचं वायफाय दिसलं की आपोआप पुन्हा जोडला जातो.

हे मी गटात का सांगते? कारण अध्यक्ष-सचिवांचा नंबर गटाच्या खात्याला जोडलेला असतो. तो फोन एकीचा असला, तरी त्यामागे दहा-बारा बायांची बचत आहे. तेंदूपत्त्याच्या मजुरीतून, धान कापणीच्या रोजीतून बाजूला काढलेला पैसा आहे.

तरीही घात झालाच, तर लाजून घरात बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ओटीपी आपणच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जो पैसा जाईल, त्याची जबाबदारी बँकेची. कळवण्याआधी गेला, तो मात्र आपला तोटा. म्हणजे नवरा रागावेल, गटात बोलणी बसतील म्हणून लपवलेला प्रत्येक तास महागात पडतो. आणि फसलेल्या बाईला गटानं बोल लावला, तर पुढची बाई सांगणारच नाही.

येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या फोनमध्ये १९३० आणि आपल्या बँकेचा नंबर जतन करून घ्या. जिला जमत नाही, तिला शेजारची शिकवेल. बचत शिकलो तसं हेही शिकू.