भिंतीपाशी मिळणारा वेग
पोहण्याच्या शर्यतीत मूल हात किती भराभर मारतंय, याकडेच पालकांचं लक्ष असतं. पण भिंतीला पाय रेटून निघालेल्या शरीराचा वेग हातांनी मिळणाऱ्या वेगापेक्षा जास्त असतो. तो टिकवायचा तर तळव्यावर तळवा, दंड कानांना चिकटलेले, हनुवटी आत. फ्रीस्टाइलमध्ये वळल्यावर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा आहे. दमलेलं मूल मात्र पहिल्याच हाताला श्वासासाठी डोकं उचलतं. कंबर खाली जाते आणि वेग मरतो. ही सवय मोडायची ती रोजच्या सरावातच, आणि प्रशिक्षकांनी इथे अजिबात सूट देऊ नये. मात्र पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा मुलांना कधीही लावू देऊ नका. चांगल्या पोहणाऱ्याचीही त्यात शुद्ध हरपू शकते.