हिरव्या काचेची कुळकथा



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाईभत्त्यावर किंवा कामगार कायद्यावर बोलणार, अशी सर्वांची समजूत असते. आज आम्ही विषय घेतला आहे तो एका दगडाचा. खरे म्हणजे तो दगडही नव्हे, ती काच आहे. पण कोणत्याही कारखान्यात न झालेली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि नगर वाचनालयात पुष्कळ, असे झाले. भूगर्भशास्त्रातली पदवी आमच्यापाशी नाही. काचकारखान्यातल्या कामगारांत मात्र आमची वीस वर्षे गेली, आणि भट्टीच्या तोंडाशी उभे राहून जे कळते त्या आधारावरच आम्ही हा विषय मांडणार आहोत.

काच म्हणजे काय, येथूनच सुरुवात करू. काच ही मुळात वाळू. नुसती शुद्ध वाळू वितळवायची तर सुमारे सतराशे अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि एवढी उष्णता देणारी भट्टी परवडत नाही. म्हणून वाळूत सोडा घालतात, त्याने ती कमी उष्णतेवर वितळते. सोडा घातलेली काच पाण्यात टिकत नाही, म्हणून चुनाही घालतात. वाळू, सोडा आणि चुना या त्रिकुटावर जगातला बहुतेक काचधंदा चालतो. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना किंवा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात सांगितला-ऐकला गेला आहे, त्यांना काच म्हणजे किती मेहनतीचा आणि स्वाभिमानाचा धंदा आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. वितळलेला पदार्थ सावकाश निवाला, तर त्यातले कण आपापली जागा शोधतात, रांगेत बसतात, आणि स्फटिक तयार होतो. तो झटकन निवाला, तर कणांना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. ते जेथे असतील तेथे थिजतात. तीच काच. संपाच्या उन्हाळ्यात एकत्र आलेला जमाव संघटना होण्यापूर्वीच थंड पडला, तर त्याची जी गत होते, तीच गत येथे कणांची होते. असो.

तर निसर्गात सोडा घालणारा कोणी नाही, भट्टी बांधणारा कोणी नाही, आणि तरीही काच सापडते. ज्वालामुखीतून निघालेला रस झटकन निवला की काळी काच होते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. ती तशी पुष्कळ ठिकाणी मिळते. पण चेक देशाच्या दक्षिणेला, व्ल्तावा नदीच्या खोऱ्यातल्या वाळूत आणि रेताड मातीत, एक हिरवी पारदर्शक काच मिळते. जवळपास ज्वालामुखी नाही, आणि तिचा गुणही ज्वालामुखीच्या काचेसारखा नाही. जर्मन भाषेत या नदीला मोल्डाउ म्हणतात, त्यावरून या काचेचे नाव पडले मोल्डावाइट. १७८६ साली प्रागच्या विद्यापीठातले प्राध्यापक योसेफ मायर यांनी विद्वानांच्या सभेपुढे तिची माहिती वाचली, ती एक प्रकारचे रत्न समजून. मोल्डावाइट हे नाव १८३६ सालचे. मधल्या काळात पुष्कळ लोकांना वाटे, की ही कुठल्यातरी जुन्या काचकारखान्याची फेकलेली काच असावी. कारण बोहेमिया हा काचकामासाठी प्रसिद्धच मुलूख. तिला ‘बाटलीचा दगड’ असेही म्हणत. १९०० साली व्हिएन्नाचे फ्रान्झ एडुआर्ड झ्यूस यांनी अशा सर्व काचांना ‘टेक्टाइट’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वितळलेला’. झ्यूस यांचे मत असे, की ही काच आकाशातूनच पडली.

पुढे कित्येक विद्वान म्हणू लागले, की ती चंद्रावरून आली. हा वाद साधा नव्हता. चांगल्या शास्त्रज्ञांनी त्यात आपली वर्षे घातली. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेथले दगड घेऊन आला, आणि चंद्राच्या दगडांची घडण या काचेशी जुळत नाही, हे स्पष्ट झाले.

मग ही काच आली कुठली? उत्तर चंद्रावर नव्हते, पश्चिमेला काहीशे किलोमीटरवर होते. बव्हेरियात नॉर्डलिंगेन नावाचे तटबंदीचे गाव आहे. ते ज्या सपाट, वाटोळ्या खोलगटात वसले आहे, तिला रीस म्हणतात. तिचा व्यास सुमारे चोवीस किलोमीटर. हे जुन्या ज्वालामुखीचे तोंड आहे, असे बहुतेक मानत. १९६० साली अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर तेथे गेले. तेथल्या दगडात त्यांना आणि एडवर्ड चाओ यांना कोएसाइट नावाचे खनिज मिळाले. वाळूवर प्रचंड दाब आल्याशिवाय हे खनिज होत नाही, आणि भूपृष्ठालगत असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो अशनीच्या आघातानेच येतो. गंमत अशी, की नॉर्डलिंगेनचे सेंट जॉर्जचे चर्च आणि त्याचा उंच मनोरा त्याच आघाताने झालेल्या दगडाचा बांधलेला आहे. शेकडो वर्षे लोक त्या चर्चमध्ये प्रार्थना करत आले, आणि आकाशातून कोसळलेल्या संकटाची साक्ष त्यांच्याभोवती भिंत होऊन उभी होती. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर याच रीसमध्ये चंद्रावरचे दगड ओळखण्याचे शिक्षण घ्यायला आले होते.

आता सगळी साखळी जुळते. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एक ते दीड किलोमीटर रुंदीचा अशनी तेथे आदळला. आदळण्याच्या पहिल्याच क्षणी जमिनीच्या अगदी वरच्या थरातली वाळू आणि माती वितळली आणि प्रचंड वेगाने पूर्वेकडे फेकली गेली. हवेतच थेंब थिजले आणि दोनशे ते साडेचारशे किलोमीटर दूर जाऊन पडले. मोल्डावाइटचे वय आणि रीसचे वय जुळते. काचेची घडण रीसवरच्या जुन्या वाळूशी जुळते. काचेत पाण्याचा अंश नावापुरताच आहे. शुद्ध वाळू वितळून झालेले बारीक, वळसे घेतलेले धागे तिच्यात दिसतात. सोड्यावाचून वाळू वितळवणारी ही भट्टी क्षणभरच पेटली. काचेच्या पृष्ठभागावर ज्या सुंदर खाचा आणि रेघा दिसतात, त्या मात्र आकाशातल्या नव्हेत. लाखो वर्षे जमिनीतल्या पाण्याने आणि आम्लाने ती काच कुरतडली, त्याच्या त्या खुणा आहेत.

तेव्हा लक्षात घ्या: हा ‘ताऱ्यांचा दगड’ नव्हे. आघात आकाशाचा, पण माल पृथ्वीचा.

आता दुसरा भाग, श्रद्धेचा. माणसाने अशा काचेचे काय केले? ऑस्ट्रियात विलेनडॉर्फ येथे, जेथे १९०८ साली ती प्रसिद्ध पाषाणयुगीन स्त्रीमूर्ती मिळाली, तेथेच मोल्डावाइटचे तुकडेही मिळाले आहेत. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने ही काच उचलली होती. मेक्सिकोत अझ्टेक लोक काळ्या ऑब्सिडियनचे आरसे करीत. त्यांच्या तेझ्कात्लिपोका या देवाच्या नावाचा अर्थच ‘धुरकट आरसा’. असाच एक आरसा सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राणीचे पंडित जॉन डी यांच्यापाशी होता असे सांगतात; त्यात पाहून देवदूतांशी बोलावे, हा त्यांचा हेतू. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्याचा दगड मेक्सिकोतल्या पाचुकाचा, हे २०२१ साली तपासणीने सिद्ध झाले.

सर्वांत मोठे उदाहरण मिसरचे. इजिप्तच्या पश्चिमेला लिबियाच्या सीमेलगत वाळूचा जो समुद्र आहे, त्यात फिकट पिवळी काच मिळते. तिच्यात सुमारे ९८ टक्के सिलिका, म्हणजे जवळजवळ निव्वळ वाळूच. वय सुमारे २ कोटी ९० लाख वर्षे. १९३२ साली पॅट्रिक क्लेटन यांना ती मिळाली आणि शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. पण त्यापूर्वी दहा वर्षे, १९२२ साली, हॉवर्ड कार्टर यांनी तुतनखामेनचे थडगे उघडले होते. त्यातल्या एका छातीवरच्या दागिन्याच्या मध्यभागी पिवळ्या दगडाचा किडा कोरलेला होता. हा शेणकिडा म्हणजे त्यांच्या लेखी उगवता सूर्य, मेल्यावर पुन्हा जगण्याची खूण. कार्टर यांना तो साधा गारेचा प्रकार वाटला. तो वाळवंटातलाच काच-दगड आहे, हे १९९० नंतरच्या दशकात इटलीच्या विन्चेंझो दे मिकेले यांनी दाखवून दिले. ज्या कारागिराने तो किडा घडवला, त्याला अशनी माहीत नव्हता. पण सूर्याच्या खुणेसाठी त्याने नेमकी वितळलेल्या वाळूची काच निवडली. तो राजाचा मान, आणि हात मजुराचा.

यात हसण्यासारखे आम्हांला काही दिसत नाही. आमच्या लोणारचेच पाहा. बुलढाणा जिल्ह्यातले ते विवर १.८ किलोमीटर व्यासाचे. बेसाल्टवर अशनी आदळून झालेले, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे. तेथेही आघाताची काच मिळते, बारीक मण्यांच्या रूपात. आणि तेथली आपली कथा काय? लवणासुर मातला, विष्णूने त्याला मारले. म्हणून गावात दैत्यसूदनाचे मंदिर, विवराच्या काठावर धारेचे तीर्थ, खाली तळ्याकाठी कमळजादेवी. वरून काहीतरी आले आणि जमीन फाडून गेले, एवढे आपल्या पूर्वजांच्या कथेत आहे. ते तळे आज आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून २०२० पासून रामसर यादीत आहे. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. लोणारच्या धारेपुढे कोणीही हात जोडू शकतो. त्या पावित्र्याला मालक नाही.

मोल्डावाइटचे तसे राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे दागिने युरोपात लोकप्रिय झाले, आणि लगेच हिरव्या बाटल्यांच्या काचेचे खोटे मोल्डावाइट बाजारात आले. इतके, की खऱ्याचीही पत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला पुन्हा दिवस आले, या वेळी ‘परिवर्तनाचा दगड’ म्हणून. तो हातात धरला की अंगात ऊब चढते, नशीब फिरते, आयुष्य बदलते, असे सांगितले जाऊ लागले. २०२० नंतर मोबाइलवरच्या चित्रफितींनी तर हे वेड जगभर पसरवले आणि किमती अनेक पटींनी चढल्या. परिणाम काय? चेक देशातल्या जंगलांत लोक रात्री चोरून खड्डे खणतात, झाडांची मुळे तोडतात, आणि वनखात्याचे लोक ते खड्डे बुजवीत फिरतात. आणि साच्यात ओतलेला खोटा माल थेट आपल्या गल्लीपर्यंत येतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एक काचकामगार आमच्या कचेरीत आला. त्याचा कारखाना बंद पडला होता, सव्वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी मालकाने अडवून ठेवली होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात हिरवा खडा. म्हणाला, “दादा, मोबाइलवरून मागवला. साडेसहा हजार पडले. व्याजाने काढले. नशीब फिरतं म्हणतात यानं.” आम्ही खडा उजेडाला धरून पाहिला. धागे नाहीत, आत फक्त गोल बुडबुडे, आणि काठाला साच्याची रेघ. ज्याने सव्वीस वर्षे भट्टीपुढे काढली, त्याला ही रेघ दाखवण्याची गरज नव्हती. त्याने ती आमच्या आधी पाहिली होती. तो म्हणाला, “मला कळतंय हो. पण दुसरं धरायला हातात काही नव्हतं.”

बंधुभगिनींनो, आम्हांला वाटते, या विषयाचे सारे मर्म त्या एका वाक्यात आहे. ज्याच्या हातात दुसरे काही नाही, त्याची श्रद्धा हिसकावून घेणे हे सुधारकाचे काम नव्हे. त्याच्या हातात काहीतरी देणे, हे आहे. आम्ही त्याला म्हणालो, “खडा राहू दे गळ्यात. उद्या हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या आणि पीएफचा कागद घेऊन ये.” ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा कायदा १९७२ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला; पैसे देय झाल्यापासून तीस दिवसांत मालकाने ते दिले पाहिजेत, नाही तर व्याज द्यावे लागते. अर्ज केला, तारखा पडल्या, चौदा महिन्यांनी आदेश झाला. त्याच्याबरोबर आणखी एकतीस जणांचे अर्ज होते. त्यांच्यापैकी एकाच्याही गळ्यात खडा नव्हता, आणि आदेश सर्वांचा सारखाच झाला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. या काचेत परिवर्तन आहे, हे खरे आहे. तिच्याइतके बदललेली वस्तू क्वचितच सापडेल: एका क्षणात वाळूची काच झाली. पण ते परिवर्तन तिचे स्वतःचे, १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी पुरे झालेले. त्यातले शिल्लक उरलेले काही ती आपल्याला वाटून देऊ शकत नाही. तिच्याकडे आदराने पाहावे, मुलांना दाखवावी, लोणारला त्यांना घेऊन जावे, धारेखाली हात जोडावेसे वाटले तर जोडावेत. जे आदराने पाहायचे त्याला पैसे पडत नाहीत. ज्याला पैसे पडतात आणि बदल्यात नशीब देऊ केले जाते, तेथे मात्र काठाला साच्याची रेघ आहे का, हे प्रत्येकाने स्वतः उजेडाला धरून पाहावे.